शिवेचा दगड आणि भरतीची रेषा

बांध कोरणाऱ्या माणसाविषयी मराठी मुलखात कोणी चांगले बोलत नाही. चोर एकदा येतो, नेतो आणि जातो. बांध कोरणारा मात्र दर पावसाळ्यापूर्वी नांगराचे एकेक तास शेजाऱ्याच्या रानात सरकवतो आणि पंधरा-वीस वर्षांनी तलाठ्यासमोर उभा राहून 'वहिवाट पहिल्यापासून अशीच आहे' असे बेधडक सांगतो. पवित्र शास्त्राचा निवाडाही ह्याहून वेगळा नाही. शेजाऱ्याच्या शिवेचा दगड हलवणाऱ्यावर अनुवादाच्या पुस्तकात शाप उच्चारला आहे आणि साऱ्या लोकांनी त्यावर 'आमेन' म्हणावे अशी आज्ञा आहे. नीतिसूत्रांचा कर्ता वाडवडिलांनी रोवलेल्या खुणेला हात लावू नका असे बजावतो. पुढच्याच अध्यायात तो त्याचे कारणही देतो: पोरक्यांच्या शेताला वाली नाही असे समजू नका, त्यांचा कैवारी बलवान आहे.

शेताला शीव असते, तशी समुद्रालाही असते. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात परमेश्वराने पाणी एका ठायी केले आणि कोरड्या भूमीला वेगळे नाव दिले. ईयोबाशी बोलताना तर त्याने समुद्राला दारे आणि अडसर घातल्याची आठवण करून दिली. माणसाला युगानुयुगे भय वाटत आले ते समुद्र आपली शीव ओलांडील ह्याचे. आमच्या मुंबईत मात्र गेल्या दोनशे वर्षांत शीव ओलांडली ती माणसाने. भरतीचे पाणी ज्या रेषेपर्यंत येते ती रेषा हा समुद्राचा बांध होय, आणि हा बांध नांगराने कोरला जात नाही. तो अधिसूचनेने, नकाशाने आणि व्याख्येतल्या एखाद्या शब्दाने कोरला जातो. त्याविषयी आम्हांला आज लिहायचे आहे. आमचे म्हणणे थोडक्यात असे: समुद्र भरून केलेली जमीन ही समुद्राइतकीच सर्वांची आहे, तिच्या काठाचे नियम तिच्या कब्जेदाराने आपल्यापुरते लिहू नयेत, आणि भरतीची रेषा त्या काठावर जगणाऱ्या माणसांसमक्ष, उघड्यावर आखली जावी.

उदाहरण म्हणून कॉटन ग्रीन घेऊ. हार्बर मार्गावरील ह्या स्थानकावर रोज उतरणाऱ्या माणसाला आपण समुद्रकाठी उतरतो आहोत ह्याची जाणीवही होत नाही. ह्या नावाचे मूळ मैदान कोटातील सेंट थॉमस चर्चच्या परिसरात होते. तेथून कापसाचा बाजार 1844 मध्ये कुलाब्याला गेला आणि 1920 च्या दशकात ह्या नव्या जमिनीवर आला. कॉटन एक्स्चेंजची भव्य इमारत त्या काळाची साक्ष देत उभी आहे. 'नवी जमीन' असे आम्ही मुद्दाम म्हणतो. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत पोर्ट ट्रस्टने माझगाव ते शिवडी असा भराव घालून सुमारे 583 एकर जमीन समुद्रातून वर काढली. आजची गोदामे, रेल्वेचे रूळ आणि मालधक्के बहुतेक त्याच भरावावर आहेत. हे बंदर, हाजी बंदर, जकेरिया बंदर, लकडी बंदर, कोळसा बंदर अशी नावे ह्या भागात पावलोपावली भेटतात. नावात बंदर आहे, पण डोळ्यांना पाणी दिसत नाही. मध्ये भिंत आहे, फाटक आहे आणि फाटकावर पहारेकरी आहे. काळाचौकीच्या किंवा घोडपदेवच्या मुलाला समुद्र पाहायचा असेल तर तो गिरगाव चौपाटीला जातो. त्याच्या घरापासून हाकेच्या अंतरावर असलेला समुद्र मात्र त्याला परका आहे.

येथे पहिला आक्षेप पुढे येतो. 'महाराज, ही सगळी भरावाचीच जमीन. येथे मूळ किनारा राहिला आहेच कुठे? ज्या किनाऱ्याची तुम्ही शीव म्हणून पूजा बांधता, ती पोर्ट ट्रस्टच्या इंजिनिअरांनी शंभर वर्षांपूर्वी आखली. ती आणखी थोडी सरकली तर कोणता देव कोपणार आहे?' हा आक्षेप चलाख आहे, आणि म्हणूनच त्याचे उत्तर नीट दिले पाहिजे. ज्या पाण्यावर भराव पडला ते पाणी कोणाच्या मालकीचे होते? कोळ्याच्या होडीचे होते, प्रवाशाच्या मचव्याचे होते, सर्वांचे होते. 1873 मध्ये स्थापन झालेल्या एका सार्वजनिक विश्वस्त संस्थेने हा भराव घातला, आणि घातला तो बंदराच्या म्हणजे सार्वजनिक कामासाठी. त्या संस्थेच्या नावात 'ट्रस्ट' हा शब्द केवळ शोभेसाठी नव्हता. सर्वांचे पाणी सर्वांच्या कामासाठी भरल्यावर जी भूमी वर आली, ती एकाएकी विक्रीचा माल कशी होते? पाण्याचे रूप पालटले, मालक पालटला नाही. भराव हा मालकी हक्काचा दाखला नव्हे, ते एक जुने ऋण आहे. आणि ऋण जुने झाले म्हणून फिटत नाही.

हा आमच्या व्यासपीठावरचा भाबडा विचार आहे असे कोणी समजू नये. सहाव्या शतकात सम्राट जस्टिनियनच्या आज्ञेने रोमन कायद्याचे जे संकलन झाले, त्यात हवा, वाहते पाणी, समुद्र आणि त्याचा किनारा निसर्गतः सर्वांच्या मालकीचा असल्याचे नमूद आहे. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतील इलिनॉय राज्याच्या विधिमंडळाने शिकागो शहरापुढील मिशिगन सरोवराचा मोठा तळभाग 1869 मध्ये एका रेल्वे कंपनीला देऊन टाकला होता. पुढे त्याच विधिमंडळाला शहाणपण आले आणि त्याने ते दान मागे घेतले. वाद सर्वोच्च न्यायालयात गेला तेव्हा 1892 मध्ये निकाल असा लागला की राज्य ह्या पाण्याचे विश्वस्त आहे आणि विश्वस्ताला आपली जबाबदारी अशी कोणाला देऊन टाकता येत नाही. आपल्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने हेच तत्त्व एम. सी. मेहता विरुद्ध कमलनाथ ह्या खटल्यात स्वीकारले. बियास नदीकाठच्या एका हॉटेलच्या त्या प्रकरणाने 'सार्वजनिक विश्वस्तता' हा सिद्धांत भारतीय कायद्याचा भाग झाला. 2018 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिवरांच्या वनाविषयी निकाल देताना तिवरांचे रक्षण हे राज्याचे कर्तव्य ठरवले आणि त्यांच्याभोवती 50 मीटरचा मोकळा पट्टा राखण्यास सांगितले. म्हणजे आम्ही सांगतो ते न्यायासनाला ठाऊक आहे. फक्त नगररचनाकाराच्या टेबलापर्यंत ते पोहोचत नाही.

ख्रिस्तसभेची शिकवण ह्याच वाटेने जाते. सृष्टीतील संपदा सर्व मानवांसाठी निर्माण झाली आहे हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1965 मध्ये स्पष्ट मांडले. पोप दुसरे जॉन पॉल ह्यांनी 1987 च्या परिपत्रकात खासगी मालमत्तेवर समाजाचे गहाण असते असा विचार सांगितला; गहाणाचा अर्थ मुंबईकराला समजावून सांगावा लागत नाही. 2015 मध्ये पोप फ्रान्सिस ह्यांनी 'लाउदातो सी' ह्या परिपत्रकात धरणीचा आक्रोश आणि गरिबाचा आक्रोश एकत्र ऐकण्यास सांगितले. आमच्यातील काहींना हे परिपत्रक झाडे लावण्यापुरते वाटले. पर्यावरण दिनी चर्चच्या आवारात चार रोपे लावली, छायाचित्र काढले, झाले. आमच्या मते त्या परिपत्रकाची खरी कसोटी रोपवाटिकेत नसून नगररचनेच्या कार्यालयात आहे. मालमत्तेविषयीची शिकवण ज्या दिवशी जमिनीच्या नकाशाला स्पर्श करते, त्या दिवशी ती जड वाटू लागते.

आता किनाऱ्याच्या कायद्याचा इतिहास थोडक्यात पाहू, कारण बांध कसा कोरला जातो हे त्यात लख्ख दिसते. नोव्हेंबर 1981 मध्ये पंतप्रधान इंदिरा गांधी ह्यांनी किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून भरतीरेषेपासून 500 मीटरचा पट्टा मोकळा ठेवण्यास सांगितले. दहा वर्षांनी, 19 फेब्रुवारी 1991 रोजी, किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना निघाली. तिने समुद्रकाठी 500 मीटरपर्यंतच्या जमिनीचे नियमन केले आणि खाड्या व नद्या ह्यांच्या काठी 100 मीटर अंतर राखले. तीन वर्षे होतात न होतात तोच, 1994 मध्ये, दुरुस्ती आली आणि 100 चे 50 झाले. त्याविरुद्ध पर्यावरणवादी संस्था सर्वोच्च न्यायालयात गेली. 1996 मध्ये न्यायालयाने ही कपात रद्द केली आणि ती ज्या कायद्याखाली केली गेली त्याच्याच हेतूविरुद्ध असल्याचे सांगितले. 2011 मध्ये नवी अधिसूचना आली तेव्हाही 100 मीटर कायम राहिले. आणि 18 जानेवारी 2019 रोजी तिसरी अधिसूचना आली. तिच्यात खाडीसारख्या भरतीच्या पाण्याच्या काठावर पुन्हा 50 मीटर, किंवा खाडीच्या रुंदीइतके, ह्यांपैकी जे कमी असेल तेवढेच अंतर उरले. न्यायालयाने दारातून घालवलेली गोष्ट तेवीस वर्षांनी खिडकीतून घरात आली. दाट लोकवस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर तर बांधकामास मनाई असलेला 200 मीटरचा पट्टा 50 मीटरवर आणला गेला. बांध कोरण्याची रीत वाचकांनी येथे ओळखावी: दर खेपेस एक तास, आणि दर खेपेस 'वहिवाट अशीच आहे'.

ह्या तिसऱ्या अधिसूचनेमागची कथाही बोलकी आहे. किनाऱ्याच्या नियमांचा फेरविचार करण्यासाठी 2014 मध्ये शैलेश नायक ह्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिने 2015 च्या आरंभी अहवाल दिला, आणि तो अहवाल झाकून ठेवला गेला. ज्या लाखो मच्छीमारांच्या आयुष्यावर त्याचा परिणाम होणार होता त्यांना तो वाचता येईना. अखेर माहितीच्या अधिकाराखाली केंद्रीय माहिती आयोगाला 2016 मध्ये तो खुला करण्याचा आदेश द्यावा लागला. आम्ही विचारतो, नियम हितकारक असतील तर ते लपवावे का लागतात? जो आपल्या शेताच्या हद्दीत नांगर धरतो तो दिवसाढवळ्या धरतो. काळोखात नांगरणाऱ्याचा हेतू वेगळा असतो.

दुसरी गोष्ट नकाशाची. किनारा व्यवस्थापनाचे आराखडे सामान्यतः 1:25,000 ह्या प्रमाणावर काढले जातात. ह्या प्रमाणात कागदावरचा एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे 250 मीटर. तेव्हा 50 मीटरचा संपूर्ण संरक्षित पट्टा कागदावर किती भरतो? दोन मिलिमीटर. शाळकरी मुलाची पेन्सिल बोथट झाली तर तिची रेघ ह्याच्या निम्म्याने जाड येते. अशा नकाशावर मासळी सुकवण्याचे वाळवण, जाळी विणण्याची जागा, होडी ओढून घेण्याची उतरण कशी दिसणार? ह्यासाठीच अधिसूचनेत सुमारे 1:4,000 प्रमाणाच्या स्थानिक नकाशांची तरतूद आहे, आणि मच्छीमारांच्या सामाईक जागा नोंदवण्याचीही आहे. 2011 च्या अधिसूचनेने तर बृहन्मुंबईतील कोळीवाडे नकाशावर दाखवण्यास खास सांगितले होते. तरीही कोळीवाड्यांच्या सीमांकनाचे काम वर्षानुवर्षे रेंगाळले. पाण्याच्या एखाद्या पट्ट्याला समुद्र म्हणायचे की खाडी, ह्या एका शब्दावर नियमनाचा पट्टा पाचशे मीटरचा की पन्नास मीटरचा हे ठरते. हा शब्द कोण लिहितो आणि कोणाला विचारून लिहितो, हा प्रश्न म्हणूनच केवळ तांत्रिक राहत नाही. तो न्यायाचा होतो.

लालबाग-परळच्या वाचकांना शब्दाचे सामर्थ्य नव्याने शिकवण्याची गरज नाही. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीतील 58 व्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे केले होते: एक शहराच्या मोकळ्या जागांसाठी, एक गरिबांच्या घरांसाठी, एक मालकासाठी. 2001 मध्ये त्यात दुरुस्ती झाली. वाटे तेच राहिले, पण ते गिरणीच्या साऱ्या जमिनीचे न राहता केवळ जी जागा आधीच मोकळी होती तेवढ्याच जागेचे झाले. शहराच्या आणि घरांच्या वाट्याला येणारी जमीन एका फटक्यात आकसली. उच्च न्यायालयाने ही दुरुस्ती रोखली, पण 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. पुढे त्या भोंग्यांच्या जागी काय उभे राहिले ते आपण रोज मान वर करून पाहतो. गिरण्यांच्या जमिनी गेल्या. आता त्याच गिरणगावाच्या पूर्वेला, रुळांपलीकडे, मुंबईतील मोठ्या भूखंडांपैकी शेवटचा उरला आहे: बंदराची सुमारे 1,800 एकर जमीन.

ह्या जमिनीचे काय करावे ह्यासाठी 2014 मध्ये राणी जाधव समिती बसली. तिने सार्वजनिक मोकळ्या जागांवर आणि किनारा लोकांसाठी उघडण्यावर भर दिला होता. 2018 मध्ये राज्य शासनाने पोर्ट ट्रस्टलाच ह्या जमिनीसाठी विशेष नियोजन प्राधिकरण नेमले. म्हणजे जमीन ज्याच्या ताब्यात, आराखडाही त्याच्याच हाती. त्यावर कळस चढला तो 2021 च्या महाबंदर प्राधिकरण कायद्याने. ह्या कायद्याने बंदर मंडळाला आपल्या हद्दीतील आणि लगतच्या जमिनीचा स्वतंत्र बृहद् आराखडा करण्याचा अधिकार दिला. हा आराखडा स्थानिक वा राज्य शासनाच्या नियमांपासून स्वतंत्र राहील आणि विरोध उद्भवल्यास मंडळाचा आराखडाच वरचढ ठरेल, असेही त्यात म्हटले. 'ट्रस्ट' हा शब्द गेला, 'अथॉरिटी' हा शब्द आला. शब्द बदलला म्हणजे माणसे लगेच बदलतात असे आमचे म्हणणे नाही. बंदराला स्वतःच्या कामासाठी, धक्क्यांसाठी, गोदींसाठी स्वातंत्र्य हवे, हेही आम्ही मानतो. पण जेथे जहाज लागत नाही, माल उतरत नाही, जेथे उद्या इमारती आणि बाजार उभे राहायचे आहेत, तेथे कब्जेदाराला शहराच्या नियमांतून सूट कशासाठी? आपल्याच शेताचा मोजणीदार आपणच असावे, असे कोणाला आवडणार नाही?

अशा वेळी आम्हांला नाबोथाच्या द्राक्षमळ्याची आठवण होते. अहाब राजाने तो मळा लुटला नाही. आरंभी त्याने मोबदला देऊ केला, बदल्यात याहून चांगला मळा देऊ केला. आजच्या भाषेत पुनर्वसनाचे उत्तम पॅकेजच म्हणा ना. नाबोथाने वाडवडिलांचे वतन देण्यास नकार दिला, तेव्हा ईजबेलीने जे केले ते सारे कागदोपत्री केले. राजाच्या नावाने पत्रे गेली, त्यांवर राजमुद्रा होती, सभा भरली, दोन साक्षीदार उभे राहिले, निवाडा झाला. कोठेही नियमाचा भंग दिसत नव्हता. तरीही एलीया संदेष्टा त्या मळ्यात राजाच्या समोर जाऊन उभा राहिला. अन्याय कायद्याची वस्त्रे घालून येतो तेव्हा संदेष्ट्याचे काम संपत नाही, तेथेच ते सुरू होते.

आता दुसरा आक्षेप, आणि आमच्या दृष्टीने सर्वांत वजनदार. 'शहराला घरे हवीत. बंदराच्या जमिनीवर कॉटन ग्रीन, रे रोड, शिवडी येथे हजारो कुटुंबे पत्र्याच्या खोल्यांत राहतात. त्यांना तुम्ही पक्ष्यांसाठी आणि फिरायच्या रस्त्यासाठी ताटकळत ठेवणार काय?' आम्ही उत्तर देतो: मुळीच नाही. त्या कुटुंबांचे घर ही आमचीही पहिली मागणी आहे. पण अठराशे एकरांत त्यांना घर देण्यासाठी भरतीरेषा सरकवावी लागते, हे आम्हांला कोणी पटवून द्यावे. रुळांलगतची, जमिनीकडच्या बाजूची गोदामे ओस पडली आहेत. तेथे घरे होऊ शकतात. पाण्याकाठचे भूखंड हवे असतात ते ज्यांना खिडकीतून समुद्र हवा असतो त्यांना. गरिबाला पुढे करून श्रीमंताची खिडकी उघडायची, हा खेळ ह्या शहराने गिरण्यांच्या वेळी पाहिला आहे. एकदा फसला तो भाबडा. दुसऱ्यांदा त्याच बोळात फसणाऱ्याला भाबडे म्हणता येणार नाही.

तिसरा आक्षेप शिवडीच्या पुलाचा. 'तेव्हाही तुम्ही ओरडलात. पूल झाला, लोकांची सोय झाली.' शिवडी ते न्हावा शेवा हा सुमारे 21.8 किलोमीटरचा अटल सेतू 12 जानेवारी 2024 रोजी खुला झाला आणि त्याचा साडेसोळा किलोमीटर भाग समुद्रावरून जातो. पुलाने प्रवास सोपा झाला हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु ह्या पुलाचे पहिले खांब ज्या चिखलात रोवले गेले तो चिखल म्हणजे पडीक जागा नव्हती. 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतातील महत्त्वाच्या पक्षिक्षेत्रांच्या सूचीत शिवडीचे खाजण आहे. हिवाळ्यात येथे रोहित पक्ष्यांचे थवे उतरत आले आहेत. ओहोटीला ह्याच खाजणात निवट्या, खुबे, चिंबोऱ्या मिळवून कोळणींनी घर चालवले. ठाणे खाडीत 2015 मध्ये रोहित अभयारण्य घोषित झाले आणि 2022 मध्ये त्याला रामसर यादीत स्थान मिळाले, पण ते ऐरोली आणि वाशी ह्या पुलांदरम्यानच्या पट्ट्याचे. ज्या शिवडीने मुंबईकराला रोहित दाखवला, ती त्या हद्दीबाहेर राहिली. पूल एकदा बांधून होतो. पुलाच्या पायथ्याशी जमिनीचा भाव वाढतो तो मात्र वाढतच राहतो, आणि खाजणाला खरा धोका आता खांबांचा नसून त्या भावाचा आहे. पूल झाला म्हणून किनारा संपला, असे मानणे म्हणजे एक दात पडला म्हणून कवळी बसवायला निघणे होय.

चौथा आक्षेप आमच्याच माणसांकडून येतो, आणि तो आम्ही आदराने ऐकतो. कोळीवाड्यातील व गावठाणातील कुटुंबे म्हणतात, 'हे किनाऱ्याचे नियम आमच्याच मुळावर आले. वडिलांचे घर पडले तर ते नीट बांधता येत नाही आणि पलीकडे मात्र मनोरे चढतात.' हे दुःख खरे आहे. परंतु त्याचा दोष नियमाच्या अस्तित्वाला द्यावा, की तो दोन मापांनी लावण्याला? ज्या नियमाने कोळ्याची वाळवण राखावी तो नियम त्याच्या ओट्याला आडवा येतो आणि मोठ्या प्रकल्पाला 'सार्वजनिक हित' ह्या शब्दाने वाट देतो, तेव्हा नियम दुरुस्त करायचा असतो, मोडायचा नसतो. नियम गेला तर सर्वांत आधी जाईल तो कोळीवाडा. पाण्याकाठच्या गरिबाला बाजारभावाने कोणी टिकू दिलेले नाही.

ज्यांना पक्ष्यांचे आणि कोळ्यांचे काही वाटत नाही, त्यांनी निदान आपल्या चपलांचा विचार करावा. पावसाळ्यात हिंदमाता, परळ, लालबाग येथे गुडघाभर पाणी साचते. ते पाणी पूर्वेकडे उतरते आणि रे रोडजवळच्या ब्रिटानिया उदंचन केंद्रातून समुद्रात सोडले जाते. उधाणाची भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले म्हणजे पाण्याला जागा उरत नाही. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा पाण्याची जागा बळकावल्याचे मोल साऱ्या मुंबईने मोजले. खाजण आणि तिवर ही समुद्राची ओसरी आहे. पाहुणा वाढला तर ओसरीत बसतो. ओसरी बांधून काढली तर तो थेट माजघरात येतो. समुद्राची पातळी वाढत असताना किनाऱ्याचा मोकळा पट्टा निम्म्यावर आणणे हा निव्वळ अविवेक आहे.

टीका करून थांबणे आम्हांला प्रशस्त वाटत नाही, म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट मांडतो. पहिली: किनाऱ्याचे मोठ्या प्रमाणावरील स्थानिक नकाशे, मराठीत, विभाग कार्यालयात आणि कोळीवाड्याच्या समाजमंदिरात लावले जावेत आणि सुनावणी तेथेच, संध्याकाळी, लोक कामावरून परतल्यावर व्हावी. दुसरी: वाळवणी, उतरणी, मासळीचे धक्के आणि खाजणे ह्या सामाईक जागा नावानिशी नोंदवल्या जाव्यात. तिसरी: प्रत्यक्ष बंदराच्या कामाबाहेरच्या जमिनीला शहराचे विकास नियम आणि किनाऱ्याचे नियम दोन्ही लागू राहावेत आणि ह्यासाठी 2021 च्या कायद्यात दुरुस्ती व्हावी. चौथी: ह्या जमिनीवर राहणाऱ्या कुटुंबांची घरे प्रथम बांधावीत, भाडेपट्ट्यांचे लिलाव नंतर. पाचवी: भाऊच्या धक्क्यापासून शिवडीपर्यंत, बंदराच्या सुरक्षिततेला बाध न आणता जेथे शक्य असेल तेथे, पाण्याकाठाने सर्वांना चालता येईल अशी विनाशुल्क वाट असावी. ह्यांपैकी एकही मागणी अशक्य नाही. एकही मागणी नफ्याच्या सोयीची मात्र नाही.

आता चार शब्द आपल्या समाजासाठी. वसईच्या हरित पट्ट्यासाठी ख्रिस्ती, हिंदू, मुस्लिम गावकरी खांद्याला खांदा लावून उभे राहिले, त्या लढ्याचे एक नेतृत्व फादर फ्रान्सिस दिब्रिटो ह्यांनी केले. त्यांच्यावर टीका झाली, धर्मगुरूने जमिनीच्या भानगडीत पडू नये असा उपदेशही त्यांना पुष्कळांनी केला. 2024 मध्ये ते निवर्तले तेव्हा त्याच वसईच्या सर्व धर्मांच्या माणसांनी हळहळ व्यक्त केली. आजही पालघर जिल्ह्यात वाढवणच्या किनाऱ्यावर तोच प्रश्न उभा आहे. जे बंदर डहाणू प्राधिकरणाने 1998 मध्ये नाकारले, त्यालाच 2023 मध्ये हिरवा कंदील मिळाला आणि 2024 मध्ये त्याची पायाभरणीही झाली. कॉटन ग्रीनचा प्रश्न परक्यांचा आणि वाढवणचा आपला, असा भेद आम्ही करू नये. प्रभू येशूने आपले पहिले शिष्य देवळातून निवडले नाहीत. ते जाळी धुणारे, होडी ओढणारे लोक होते आणि त्याने त्यांना पाण्याच्या काठावर गाठले. त्या काठावर पाय ठेवण्याची सोय आज त्याच्या अनुयायांच्या मुलांना उरली नसेल, तर आपली प्रवचने कोणासाठी आहेत हा प्रश्न विचारण्याची वेळ आली आहे.

म्हणून धर्मग्रामांतील पाळकीय मंडळांनी, सोसायट्यांनी, कोळी समाजाच्या संस्थांशी हात मिळवून आपापल्या विभागाचा किनाऱ्याचा नकाशा मागवावा, तो टेबलावर पसरावा आणि वाचावा. हरकतीची मुदत असेल तेव्हा हरकत लिहावी. मुदत नसेल तेव्हा मुदत मागावी. बांध कोरणारा सर्वांत अधिक घाबरतो तो शेजारी फितीने मोजू लागला म्हणजे. शापावर 'आमेन' म्हणण्याचे काम शास्त्राने पुरोहितांना नव्हे, साऱ्या लोकांना दिले आहे. शिवेच्या दगडावर डोळा ठेवण्याचे कामही त्यांनाच दिले आहे.